गोळी चालते, डुलकी चालत नाही

अंगारकीला आमच्या दुकानात दोन तऱ्हेची माणसं येतात. सकाळी येतात ती विचारायला, "आज गोळी घेतली तर चालतं का हो?" आणि संध्याकाळी येतात ती पित्तावर काहीतरी मागायला. सांगलीत गावभागात, गणपतीच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर, औषधाच्या दुकानाच्या काउंटरमागे माझी 27 वर्षं गेली. पंचांग न बघता आज तिथी कोणती हे मला गिऱ्हाइकांवरून कळतं.

मागच्या पावसाळ्यातली एक संकष्टी मात्र अजून डोक्यातून जात नाही. संध्याकाळी सातचा सुमार. साठी ओलांडलेल्या एक मावशी नातवाच्या खोकल्याचं औषध न्यायला आल्या. बोलताना शब्द जड येत होते, हात थरथरत होते आणि पाऊस पडत असून कपाळावर घाम. साखरेच्या जुन्या पेशंट, त्यांचा कागद मला पाठ. स्टुलावर बसवून विचारलं, तर सकाळची गोळी वेळेवर घेतलेली आणि पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही. साखर खाली आली होती हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. पाण्यात ग्लुकोज कालवून ग्लास पुढे केला, तर मावशींनी तोंड फिरवलं. "चंद्र उगवू दे. साडेनवाला हाय. तवर मी बसतो हितं." (आमच्याकडच्या बायका 'येतो-बसतो' असंच म्हणतात.)

शेवटी मी आवाज चढवला. "हे खाणं नव्हे मावशी, औषध आहे." तेव्हा त्या ग्लास प्यायल्या. दहा-पंधरा मिनिटांनी चेहऱ्यावर रंग आला आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणी. आपण मरता मरता वाचलो याचं त्यांना काही नव्हतं. 11 वर्षं धरलेला उपास आज मोडला, याचं होतं.

तो मोडला नव्हता. हे माझं मत म्हणून सांगत नाही. ज्या धर्माच्या नावानं त्या ग्लासाला हात लावत नव्हत्या, त्याच धर्माचं ते म्हणणं आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला रात्रभर चार गोष्टी ऐकवतो. त्यात एक श्लोक आहे:

अष्टौ तान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः ।
हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम् ॥

आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचा शब्द आणि औषध. ब्राह्मणाच्या इच्छेचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, मी ती बाजूला ठेवतो. शेवटचा शब्द बघा. औषधम्. त्याच्यापुढे 'फार गरज असेल तर' नाही, 'दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त करून' नाही. एका ज्येष्ठ गिऱ्हाइकानं माझ्याशी वाद घातला होता की गोळी बांधायला मक्याचं पिष्ट वापरतात, म्हणजे ते धान्यच झालं. पिष्ट वापरतात हे खरं आहे. पण श्लोक औषधाची फोड करत बसत नाही.

आणि हे सांगणारा कोण, तर विदुर. दासीचा मुलगा. ज्याच्या घरच्या कण्या श्रीकृष्णानं गोड मानून खाल्ल्या, असं आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो, तो. व्रताच्या नियमांत माणसाचा जीव सांभाळणारी एवढी स्पष्ट ओळ त्याच्या तोंडी आहे, हे मला फार आवडतं.

एखादं सुटं वचन शोधून काढून मी मिरवतोय असं कुणाला वाटेल. तसं नाही. व्रतांवर आपल्याकडे अवाढव्य लिहून ठेवलंय. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, तेरावं शतक, त्याच्या चतुर्वर्गचिंतामणीत व्रतांचा एक स्वतंत्र खंडच आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 साली धर्मसिंधु लिहिला. पुढं महाराष्ट्रातल्या घरोघरच्या भटजींचा तोच आधार. या ग्रंथांचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर: नियम एक, आणि त्याला लागून चार वाटा. पूर्ण उपवास झेपत नसेल तर एकभुक्त राहा, म्हणजे दुपारी एकदा जेवा. नाहीतर नक्त करा, रात्री एकदा जेवा. अयाचित करा, न मागता समोर येईल तेवढंच खा. गर्भार बाई, बाळंतीण यांनी उपवासाऐवजी नक्त करावं. एकादशी आठ वर्षांच्या वर आणि ऐंशीच्या आत असणाऱ्यांना, त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्यांना नाही. तेही जमत नसेल तर प्रतिनिधी द्या: मुलगा, भाऊ, बायको, नवरा. होय, नवराही. आजारी बायकोच्या वतीनं नवऱ्यानं उपवास करावा ही सोय ग्रंथांत आहे. माझ्या काउंटरवर 27 वर्षांत असा नवरा आलेला नाही, ही गोष्ट निराळी.

म्हणजे ज्याला आपण कडक धर्म म्हणतो तो मुळात एवढा कडक नव्हताच. जिथं त्यानं दार उघडं ठेवलं होतं तिथं आपण कडी घातली आणि जिथं त्यानं जपून राहायला सांगितलं होतं तिथं भिंतच पाडली. ही पडलेली भिंत बघायची असेल तर फराळाचं ताट बघा.

साबुदाणा हा झाडाला लागत नाही, तो टॅपिओकाच्या कंदापासून बनतो. तो कंद दक्षिण अमेरिकेतला. तमिळनाडूत सेलमच्या बाजूला त्याचे कारखाने उभे राहिले ते 1940 च्या दशकात. खिचडीतला बटाटा तिकडचाच, मिरची तिकडची, शेंगदाणा तिकडचा. रताळं आणि राजगिराही. हेमाद्रीनं यातलं काहीही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. उपवासाच्या ताटात खरी जुनी म्हणावी अशी वरी, आणि दूध-तूप. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी साहेबाच्या काळात आली, ती फळ म्हणून बिनबोभाट आत गेली. आणि हळद? जिच्यावर सांगलीचा बाजार उभा आहे, जी प्रत्येक देवाला वाहतो, जिच्यावाचून लग्न लागत नाही, ती आमच्या उपवासाच्या खिचडीत चालत नाही. का, हे मला अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. माझी भावजय अथणीची. तिच्या माहेरी एकादशीच्या फराळाला अवलक्की, म्हणजे पोहे चालतात. लग्नानंतर पहिल्या एकादशीला तिनं सहज पोहे भिजवले आणि आमच्या आईनं ते परातीसकट उचलून गुरांना घातले. अथणी ते सांगली, फार तर दोन तासांचा रस्ता. तेवढ्यात पोह्यांचं पाप झालं.

मी हे कुणाला हिणवायला लिहीत नाही. उलट मला यात आपल्या आज्या-पणज्यांचं शहाणपण दिसतं. नवं कंदमूळ आलं, त्यांनी ते हातात घेऊन बघितलं, धान्य नाही म्हटलं आणि आत घेतलं. कुणा धर्मपीठाची परवानगी मागितली नाही. काय चालतं आणि काय नाही याचा निवाडा मराठी घरात चुलीपुढं होत आला आहे. मग ज्या चुलीनं अमेरिकेतून आलेल्या बटाट्याला आत घेतलं, तिनं रक्तदाबाच्या गोळीला बाहेर का ठेवावं? बटाट्यासाठी श्लोक नव्हता. गोळीसाठी आहे.

आणि आता ती डुलकी. व्रतांच्या ग्रंथांत पुन्हा पुन्हा येणारं एक वचन आहे. उपवास कशानं नाश पावतो, तर वरचेवर पाणी पिण्यानं, एकदा जरी विडा चघळला तरी त्यानं, दिवसा झोपल्यानं आणि मैथुनानं. दिवसा झोपल्यानं! दोन वाट्या खिचडी, वर बटाट्याची भाजी, एखादा कंदी पेढा, आणि मग दुपारी दोन ते चार पंखा लावून पडणं. ज्याला सारी सांगली उपवास म्हणते तो ग्रंथांच्या हिशेबानं पडल्या पडल्याच संपलेला असतो. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपण स्वतःवरच केली आहे, त्यामुळे त्यावर जास्त बोलायला नको. साखरेच्या पेशंटला मात्र ही म्हण महागात पडते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. काहीजण गोळी 'आज उपास' म्हणून टाळतात आणि वर हे ताट खातात, म्हणजे साखर दोन्हीकडून वर. काहीजण मावशींसारखी गोळी घेतात आणि खात काहीच नाहीत. दोन्ही वाटा शेवटी मिरजेच्या दवाखान्यात भेटतात.

इथं एक प्रामाणिक हरकत येते आणि ती टाळून मला पुढं जायचं नाही. ग्रंथांत सवलती आहेत, तशा धमक्याही आहेत. हरितालिकेची कथा आठवा. त्या दिवशी अन्न खाईल ती डुकरीण होते, फळ खाईल ती माकडीण, पाणी पिईल ती जळू. तुकोबा एकादशीला जेवणाऱ्याबद्दल जे बोलतात ते चारचौघांत वाचायला जड जातं. हे सगळं आहेच. मग विदुराचं खरं मानायचं की कहाणीतलं?

याचं उत्तर आमच्या कृष्णेच्याच काठावर मिळतं, थोडं वर, वाईला. तिथल्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोश सिद्ध केला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी धर्मकोशाचं काम केलं. मीमांसा म्हणजे शास्त्रातलं वाक्य कसं वाचायचं याचं शास्त्र. ती विधी आणि अर्थवाद वेगळे करते. 'हे करावं' हा विधी. 'केलं तर स्वर्ग, नाही केलं तर जळू' हा अर्थवाद, म्हणजे विधीकडे मन वळवण्यासाठी केलेली स्तुती किंवा निंदा. निंदा ही निंदा करण्यासाठी नसतेच, दुसऱ्या बाजूची थोरवी सांगण्यासाठी असते, असा मीमांसकांचा न्यायच आहे. आई पोराला 'जेवला नाहीस तर बागुलबुवा नेईल' म्हणते, तेव्हा कुणी बागुलबुवाची जन्मतारीख विचारत नाही. आपण मात्र विधी विसरलो आणि बागुलबुवा सांभाळला. शास्त्र मुळापासून वाचणारी माणसं दारं उघडतात. 1933 साली गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचं आंतरजातीय लग्न लावलं ते याच तर्कतीर्थांनी. आणि तुकोबांचा राग जिभेच्या गुलामावर आहे. इन्सुलिन घेणाऱ्या म्हाताऱ्या बाईवर तो नसावा, एवढं मी त्यांच्या गाथेच्या भरवशावर म्हणतो.

दुसऱ्या बाजूनं एक मित्र बोलतात, साताऱ्याचे, अंधश्रद्धा निर्मूलनात आयुष्य घातलेले. ते म्हणतात, एवढं पुराण कशाला उघडायचं? सरळ सांगा, उपवास सोडून द्या. आजारी माणसाला श्लोक देणं म्हणजे त्याला पुन्हा पोथीच्याच ताब्यात देणं.

त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण त्यांनी कधी काउंटरमागे उभं राहून बघितलेलं नाही. डॉक्टर 'उपवास बंद' म्हणतात. बाई मान डोलावते. घरी जाऊन उपवास करते आणि डॉक्टरांना सांगत नाही. यात भर कशाची पडली, तर चोरीची. आता डोस कसा बदलायचा, गोळी कुठल्या वेळेला घ्यायची, हे विचारायचीही वाट बंद झाली, कारण विचारलं तर चोरी उघडी पडणार. असे उपवास मी शेकड्यांनी पाहिले.

शिवाय ती का करते, हेही बघायला हवं. ज्या बाईच्या ताटात काय पडणार हे आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलं, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणं हाच जिचा नेम, तिला महिन्यातून एक दिवस स्वतःच्या तोंडाचा मालक होता येतं. आज मी खाणार नाही. हे वाक्य ती दुसरीकडे कुठं म्हणते? मराठीत उपवास आणि उपासमार हे शब्द किती जवळचे आहेत. उपास धरला तर व्रत, उपास घडला तर दैन्य. मधे फरक फक्त मर्जीचा. ऊसतोडीच्या टोळीत बाईला उपास घडतो आणि तीच बाई सोमवारी उपास धरते, तेव्हा ती काहीतरी आपलं म्हणून धरत असते. ते हिसकावून घ्यायला जाणारा डॉक्टर असो की सुधारक, ती त्याला फसवणारच.

म्हणून माझं म्हणणं असं की आजाऱ्याला 'सोडून द्या' म्हणू नका, व्रताच्याच भाषेत बोला. ती भाषा फार बारकाईची आहे. आपण उपवास धरतो, सोडतो आणि कधी तो मोडतो. सोडणं हा व्रताचा भाग: वेळ झाली, नैवेद्य दाखवला, चंद्राला अर्घ्य दिलं, सोडला. मोडणं म्हणजे अपघात. मावशींना ग्लास प्यायल्यावर 'मोडला' वाटलं, कारण सोडणं-मोडणं याखेरीज तिसरा शब्द त्यांना कुणी दिलाच नव्हता. संकष्टी म्हणजे तरी काय, दिवसभर थांबून रात्री एक जेवण, नक्ताचाच एक प्रकार. ते झेपेना तर दुपारचं एकभुक्त करा आणि चंद्राला अर्घ्य द्या. 11 वर्षं झाली, शरीर थकलं, तर उद्यापन करा. उद्यापन म्हणजे माघार नव्हे, मानानं निरोप. सोळा सोमवारांचं करतोच की आपण.

हे फक्त पोथीवाल्या घरांचं नाही. खंडोबाच्या षड्रात्राला मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवसापासून सहा दिवस धरणारी घरं इथं आहेत, चंपाषष्ठीला भरीत-रोडग्यानं सोडतात. काळूबाईचा मंगळवार आहे, नवरात्राचे नऊ दिवस आहेत. त्यांचे नियम कुठल्या सिंधूत नाहीत, आज्जीच्या तोंडात आहेत. तिथं श्लोक न्यायचं कारण नाही. तिथं एखादी थोरली बाई म्हणते, "देवाला काय कळत न्हाई व्हय? घे गोळी." संपलं. हेही शास्त्रच.

रमजानमध्ये मिरजेहून एक चाचा येतात, साखरेचेच. त्यांच्याकडे आजाऱ्याला रोजा माफ आहे, बरं वाटल्यावर ते दिवस भरून काढायचे. आणि रोजा धरला तर दिवसा गोळी गिळता येत नाही. म्हणून ते महिनाभर आधी येऊन सहेरी-इफ्तारीच्या वेळा सांगतात, डॉक्टरांकडून डोस बसवून घेतात. त्यांचा नियम आपल्यापेक्षा कडक, पण तयारी आपल्यापेक्षा चोख. दशलक्षणात उपवास करणारे माझे जैन शेजारीही आधी विचारून जातात. आपल्याकडे एकादश्या वर्षाला 24, अधिक मास आला की 26, संकष्ट्या, सोमवार, गुरुवार वेगळेच. इतके उपवास असून आधी विचारायची पद्धत नाही, कारण 'एक दिवसानं काय होतंय?' असे एक-एक दिवस मोजले तर दोन-तीन महिने भरतील.

माझी मागणी छोटी आहे. संकष्टीला देवळाबाहेर फळ्यावर चंद्रोदयाची वेळ खडूनं लिहितात. दिनदर्शिकांत तर गावोगावच्या वेळा मिनिटांसह छापतात. त्या वेळेखाली एक ओळ घाला: औषधानं उपवास मोडत नाही. विश्वस्तांनी घालावी, छापणाऱ्यांनी छापावी. कीर्तनकारांनी हरितालिकेची जळू सांगितल्यावर दम खाऊन विदुराचा श्लोकही सांगावा. डॉक्टरांनी 'उपवास करता का?' हे 'तंबाखू खाता का?' सारखं आरोपाच्या सुरात विचारू नये, 'कुठले उपवास असतात तुमचे?' असं विचारावं, म्हणजे खरं उत्तर येईल.

त्या मावशी परवा आल्या होत्या. ग्लासाच्या दिवशी मी त्यांना श्लोक म्हणून दाखवला होता, तो म्हणे थोरल्या जावेनं मानला नाही. "लिहून द्या. तुमच्या दुकानाचा शिक्का मारून." मी बिलाच्या पाठीमागं मोठ्या अक्षरात श्लोक लिहिला, खाली अर्थ, खाली विदुराचं नाव, आणि शिक्का मारला. विदुराच्या नावाखाली औषधविक्रेत्याचा शिक्का पहिल्यांदाच बसला असेल. त्यांनी कागद घडी घालून कनवटीला लावला. पायरी उतरता उतरता वळल्या.

"आणि उपासाला दुपारी जरा आडवं झालं तर चालतंय न्हवं?"

मी पुढच्या गिऱ्हाइकाची पावती करायला घेतली.